सासरे माझ्या हाताखाली

मागच्या हिवाळ्यात सलग पाच शनिवार मी सेनापती होते. हाताखाली लाखभर सैनिक, कित्येक हजार घोडे, दोन रेल्वेमार्ग आणि माझे सासरे. सैनिकांचा, घोड्यांचा आणि रेल्वेचा मला काडीचाही त्रास झाला नाही.

हे सगळं नवऱ्याच्या एका मित्राचं खूळ. त्याची नोकरी अबुधाबीत बँकेत, बायकोची दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये, आणि घर बायकोच्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर. त्या घरात कुणाचं चालतं ते एवढ्यावरून कळावं. रोज इतका वेळ गाडी चालवताना बाकीची माणसं गाणी ऐकतात, हा अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल ऐकत बसायचा. ऐकता ऐकता त्याला वेड लागलं, आणि तेही फक्त शेवटच्या पाच महिन्यांचं. आधीची वर्षं त्याच्या मते किरकोळ. "शेवटी शेवटी दोन्हीकडचे दमलेले असतात," तो म्हणायचा, "तेव्हा कमांड करणं हीच रियल टेस्ट." स्वतः त्यानं आयुष्यात कुणाला कमांड केलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या मुलखाचा नकाशा त्यानं शारजात रोल्ला भागातल्या एका बॅनरवाल्याकडून फ्लेक्सवर छापून आणला. नद्या, टेकड्या, पूल, रेल्वे, सगळं. बॅनरवाल्यानं सगळं नीट बघून शेवटी विचारलं म्हणे, "साब, कोने में फोटो किसका डालना है?"

नियम असे होते. नकाशा मित्राच्या घरी हॉलमध्ये जमिनीवर, तो फक्त त्यालाच दिसणार, कारण तो पंच. बाकी सगळे वेगवेगळ्या खोल्यांत, प्रत्येकाकडे आपापल्या भागाचा कागद. फोन टोपलीत जमा. सेनापतीनं हाताखालच्या माणसाशी बोलायचं नाही, जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि पंचाच्या हातात द्यायचं. पंच ती चिठ्ठी वीस मिनिटं खिशात ठेवणार आणि मग पोचवणार, कारण त्या काळी घोडेस्वाराला चिखलातून जायला वेळ लागायचा. एकदा खिशात गेलेली चिठ्ठी परत मिळणार नाही. एका शनिवारी युद्धाचा एक महिना.

कोण काय होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. दक्षिणेचा सेनापती माझा नवरा, त्याच्या हाताखाली मित्राची बायको. उत्तरेची सेनापती मी. माझ्या घोडदळावर माझी पंधरा वर्षांची लेक, आणि डाव्या बाजूच्या अख्ख्या फौजेवर बाबा, म्हणजे माझे सासरे. नाव निघालं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

बाबांना आम्ही तिथं नेलं होतं ते घरात एकटे बसून राहू नयेत म्हणून. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर त्यांना आम्ही शारजाला आणलं होतं, परतीचं तिकीट हातात ठेवूनच. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं असं मला आणि नवऱ्याला मनापासून वाटत होतं. व्हिसा वाढवता आला असता, पुढचं पुढे बघितलं असतं. पण त्यांच्या मनात काय आहे ते कळायला मार्गच नव्हता. बाबा, चहा घेणार का? "बघू." बाबा, खाली फिरून यायचं का? "तुम्ही म्हणाल तसं." बाबा, आज भाजी कुठली करू? "काहीही." माणूस समोर बसलेला असायचा आणि हाताला लागायचा नाही.

राहण्याचा विषय कुणी काढायचा, यावरून आमच्या बेडरूममध्ये रोज कुजबुज चालायची. "तू विचार, तुझं ते ऐकतात." "तुझे वडील आहेत, तू विचार." शेवटी एकदा नवऱ्यानं सगळा धीर गोळा करून विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? अजून थोडे दिवस राहणार का इथं?" बाबांनी टीव्हीवरची नजर काढली, त्याच्याकडे पाहिलं, म्हणाले "बघू", आणि पुन्हा टीव्ही पाहू लागले. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परचेसला आहे. सिमेंट, सळया, टाइल्स, सगळं माझ्या आवाजावर येतं. माझा आवाज मोठा आहे, हे मला लहानपणापासून सांगण्यात आलंय आणि मी त्याबद्दल दिलगीर नाही. तेव्हा सेनापतीपद माझ्या वाट्याला आलं, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. आत्ता जिंकते आणि वडे खाऊन घरी जाते, असाच माझा आव होता.

पहिल्या शनिवारी पहिली चिठ्ठी बाबांना लिहायला घेतली. नदीवर एक पूल होता. तो आपल्या ताब्यात आला की नवऱ्याची अर्धी फौज नदीपलीकडे अडकणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी लिहिलं, "पूल घ्या." वाचलं, आणि मला घाम फुटला. सासऱ्यांना "घ्या"? जेवताना "पोळी घ्या" इतपत ठीक आहे. खोडलं. दुसरा कागद घेतला. शेवटी जी चिठ्ठी रणांगणावर गेली ती अशी होती:

"ती. बाबांस, सा. न. वि. वि. आपल्या सवडीनं, घाई अजिबात नाही, पण जमल्यास नदीवरचा पूल ताब्यात घेता आला तर बरं होईल असं वाटतं. थंडी फार आहे, तब्येतीला जपून."

वीस मिनिटांनी चिठ्ठी पोचली. आणखी वीस मिनिटांनी उत्तर आलं: "मा. सेनापती यांस, पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम आहे. पुलाचं बघू."

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. युद्धाचे तीन आठवडे बाबांचे चाळीस हजार सैनिक नदीकाठी बसून पुलाकडे बघत होते. चौथ्या आठवड्यात माझा नवरा तोफा घेऊन त्याच पुलावरून अलीकडे आला. पंच निर्विकार चेहऱ्यानं माझ्या खोलीत येऊन हे सांगून गेला. त्याला हसू दाबायला फार कष्ट पडत होते, ते त्याच्या कानांवरून कळत होतं.

लेकीचा प्रकार निराळाच. तिला मी कसलाही संकोच न करता लिहिलं होतं, "टेकडीला डावीकडून वळसा घाल." चिखलातून वीस मिनिटं जाऊन आणि वीस मिनिटं परत येऊन घोडेस्वारानं तिचं उत्तर आणलं: "व्हाय?"

घरी जाताना गाडीत ती आजोबांना म्हणाली, "आजोबा, यू लिटरली डिड नथिंग."

"तुझ्या आईनं घाई नाही म्हणून लिहिलं होतं," बाबा म्हणाले. आणि ते खरंच होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला. राग कुणाचा, ते मात्र नक्की सांगता येईना.

दुसऱ्या शनिवारी मी आणखी गोड झाले. "पुलाबद्दल आपला काही विचार झाला का?" असं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "तुम्ही म्हणाल तसं." मी पेनाचं टोपण चावून सपाट केलं. मी काय म्हणतेय ते मी म्हणत का नाहीये, हे मलाच कळत नव्हतं. त्या महिन्यात माझं धान्याचं कोठार गेलं, रेल्वेचा एक फाटा गेला, आणि इतिहासात जी बाजू सरळ सरळ जिंकली होती तिला मी हरवायच्या बेतात आले. पंच बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "वहिनी, असं व्हायला नको होतं हो. पुस्तकात असं नाहीये."

घरात तर सोमवार ते शुक्रवार शीतयुद्ध. नवरा मित्राच्या बायकोशी बाल्कनीत जाऊन फोनवर बोलायचा, मी गेले की "मग, बाकी काय" म्हणून विषय बदलायचा. एरवी बायकोनं अशा गोष्टीचा भलता अर्थ काढला असता. मी फक्त एवढंच ऐकायचा प्रयत्न करायचे की तो "उत्तरेकडून" म्हणतोय की "पूर्वेकडून". त्याच्या विजारीचे खिसे तपासून झाले. त्यानं माझ्या पर्समधली डायरी उघडलेली मी रंगेहाथ पकडली, तर म्हणतो, "स्टेपलर शोधत होतो." लेक म्हणाली, "यू गाइज आर सो वीअर्ड." इतकी मजा आम्हाला लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती.

तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी ऑफिसात सळयांचा ट्रक अडकला. सप्लायर सकाळपासून मला इन्शाल्ला, इन्शाल्ला ऐकवत होता. मी फोन उचलला आणि म्हटलं, "हबीबी, नो इन्शाल्ला. टुडे. टू ओ'क्लॉक. साइट पे. खलास." पावणेदोनला ट्रक गेटवर. फोन ठेवल्यावर शेजारची मुलगी म्हणाली, "मॅम, तुमचा तो आवाज ऐकला की माझंही काम पटकन होतं."

दुसऱ्या दिवशी सिलिकॉन ओएसिसमध्ये मित्राच्या बेडरूममधल्या पलंगावर बसले होते. नवऱ्यानं माझ्या उजव्या बाजूवर हल्ला केला होता, लेकीचे घोडे दमले होते, आणि बाबांची फौज नदीकाठी क्षेमकुशल होती. पंच आला आणि म्हणाला, "राजधानीकडचा रस्ता जाणार बहुतेक." माझं डोकं फिरलं. समोर मला फक्त तो सळयांचा ट्रक दिसत होता. मायना नाही, नमस्कार नाही, मी कागद ओढला आणि लिहिलं: "पूल घ्या. पहाटे सहाला निघा. घेतल्यावर लगेच कळवा."

पंचाच्या हातात दिला आणि पुढच्या क्षणी भानावर आले. हात घालून त्याच्या खिशातून चिठ्ठी काढायला गेले, तर तो मागे सरकत म्हणाला, "सॉरी वहिनी. घोडेस्वार निघाला."

त्यानंतरची वीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या. पुण्याच्या नणंदेला हे कळलं तर. सत्तरी ओलांडलेला माणूस, बायको गेलेली, दोन महिन्यांसाठी सुनेकडे आलेला, आणि सून त्याला लिहिते "लगेच कळवा". मी दुसऱ्या कागदावर माफीनामा लिहायला घेतला: "मघाचं पत्र रागाच्या भरात..." तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला, अख्ख्या घराला ऐकू जाईल असा.

"होय! निघालो!"

बोलणं नियमात बसत नव्हतं. दंड म्हणून पंचानं माझी एक तोफ काढून घेतली. मी म्हटलं, घे रे, दोन घे. मग चिठ्ठ्या येऊ लागल्या. "निघालो." "निम्मी फौज खालच्या अंगानं उतारातून, निम्मी सरळ." आणि तिसरी, घाईघाईत लिहिलेली, अक्षर वेडंवाकडं: "पूल घेतला. शत्रू पळाला. आता पुढे?" हॉलच्या पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "अरे बाबा!" तो उद्गार होता की वडिलांना हाक, ते आजवर कळलेलं नाही.

चहाच्या सुट्टीत बाबांनी पाच बटाटेवडे खाल्ले. आमच्या घरी एक पोळी नको नको म्हणणारा माणूस. वर आपल्या भागाचा कागद मित्रासमोर धरून सांगत होते की नदीचं हे वळण चुकीचं काढलंय, इतक्या उतारावर पाणी असं वळत नाही, आणि या जागी कुठलाही शहाणा इंजिनिअर पूल बांधणार नाही. मित्र खाली मान घालून ऐकत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बघ, चिठ्ठीत वेळ घालत जा. सहाला म्हणालीस ते बरं झालं. सवडीनं म्हणालं की मला काही सुचतच नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं होतं ते वड्यानं बंद केलं. मला वाटलं, खेळ आवडला त्यांना, झालं. त्यापलीकडे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

चौथा शनिवार म्हणजे नुसता धुमाकूळ. माझ्या चिठ्ठ्या दोन-दोन शब्दांच्या झाल्या. "उजवीकडे सरका." "थांबा." "रेल्वे उखडा." रेल्वे उखडण्याच्या कामाला बाबांनी असं काही वाहून घेतलं की चिठ्ठीसोबत आकृती आली, रूळ कुठून सोडवायचा आणि तो परत बसवता येऊ नये म्हणून काय करायचं. लेकीनं "व्हाय" विचारणं सोडलं, आता तिचं उत्तर यायचं, "ऑन इट." नवऱ्याच्या फौजेचं धान्य संपलं. कागदावरच संपलं होतं, पण तो इतका चिडचिडा झाला की मित्राच्या घरातला चिवड्याचा डबा त्यानं एकट्यानं रिकामा केला.

पाचव्या शनिवारी दुपारी तो पांढरा नॅपकिन भाताच्या डावाला बांधून हॉलमध्ये आला. त्याच्या मागे मित्राची बायको, रडवेली वगैरे मुळीच नाही, "मी सांगत होते, पूल जाळून टाका" असं म्हणत. मी तह सांगायला कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तोफा माझ्या. बंदुका माझ्या. घोडे माझे. आणि एक महिना भांडी दक्षिणेनं घासायची.

"घोडे राहू देत त्यांच्याकडे," बाबा मध्येच म्हणाले. "एप्रिल आहे. घरी जाऊन नांगरणी करतील, पेरणी करतील. नाहीतर खातील काय?"

मित्रानं चष्मा काढला. मग काचा पुसत म्हणाला, "काका, खरंच तसंच झालं होतं. त्यांना घोडे नेऊ दिले होते." बाबांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "मग, बरोबरच आहे," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले. भांड्यांची अट मी सोडली नाही.

परतताना गाडी मी चालवली, कारण हरलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नसतं. बाबा माझ्या शेजारी, नवरा आणि लेक मागे, त्यांच्या मांडीवर गुंडाळलेला नकाशा, विजयाची खूण म्हणून मी मागून घेतलेला. ऊन उतरलं होतं आणि शारजाच्या दिशेची ट्रॅफिक नेहमीसारखी ठप्प होती. मी मोठमोठ्यानं लढाई पुन्हा सांगत होते, नवरा मागून चुका काढत होता, लेक दोघांना "खलास, खलास" म्हणत होती.

बाबा म्हणाले, "बॅगेची चेन बिघडलीय. गुरुवारच्या आत बघायला हवी."

गुरुवारचं विमान आम्ही पाचही शनिवार असं हुशारीनं विसरलो होतो. नवऱ्याकडे आरशातून बघितलं, तर तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावर तोच जुना प्रश्न तयार होता, तुम्हाला काय वाटतं बाबा. मी विचार केला नाही. केला असता तर मायना सुचला असता.

"गुरुवारी तुम्ही जायचं नाही," मी म्हटलं. "आता आमच्याकडेच राहायचं. उद्या सकाळी व्हिसा वाढवायचा फॉर्म भरू. पासपोर्ट काढून ठेवा."

लेकीनं कानातले इअरफोन काढले. पुढची गाडी दोन हात सरकली, मीही सरकले. मला एकदम भीती वाटली. हा फ्लेक्सवरचा पूल नव्हता. त्यांचं घर होतं पुण्यात, सासूबाईंच्या साड्या अजून तिथल्या कपाटात होत्या. कुणाच्या घराबद्दल मी असं कसं बोलले?

बाबांनी नजर काचेबाहेर वळवली. मग म्हणाले, "ती होती तोवर मला कधी कुणी काही विचारलं नाही गं. चहा समोर यायचा, मी प्यायचो. चला म्हणाली की चपला घालायचो. कुरकुर करायचो, पण घालायचो. ती गेली आणि तेव्हापासून जो तो मला विचारतो. चहा घेणार का, झोपणार का, फिरायला येणार का, राहणार का. सगळे इतक्या प्रेमानं विचारता. आणि माझं मलाच ठाऊक नसतं. इतक्या वर्षांत सवयच नाही राहिली. रात्री पडल्यावर वाटतं, कुणी नुसतं सांगून टाकेल तर बरं."

मागे नवऱ्यानं दोनदा नाक ओढलं आणि एसीला शिवी दिली. मला पुढचं नीट दिसेना, पण ट्रॅफिक तशीच ठप्प होती, म्हणून निभावलं. इतके महिने आम्ही या माणसाला आदरानं उपाशी ठेवलं होतं.

घरी पोचल्यावर मी काही विचारलं नाही. भूक आहे का नाही, पोळ्या किती, भात आधी की नंतर, काही नाही. पानं घेतली, हाक मारली, "बाबा, जेवायला बसा." बसले. मी पोळ्या वाढल्या, भाजी वाढली, भात-वरण वाढलं. नवरा आणि लेक जेवत होते, मध्येच चोरून त्यांच्याकडे बघत. बाबांनी पोळ्या संपवल्या. भात कालवला, एक घास खाल्ला आणि हात थांबवला.

"वरण गार झालंय," ते म्हणाले. "गरम करून आणा कुणीतरी. आणि मीठ कमी आहे."

मी आणि नवरा, दोघंही एकदम उठलो.